ऑफिस सोडून सुतारकाम: शहाणपण की खाज?

टाचणी: चौदा वर्षं लेखा विभागात काढली. गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी एका सुताराकडे जाऊन हात चालवतोय. पटाशीने कोरलेला सांधा घट्ट बसला की जे वाटतं, ते ताळेबंद जुळल्यावर कधी वाटलं नाही. नोकरी सोडायचं जवळजवळ ठरलंय. खुर्ची उबवून झाली, आता उरलेली वर्षं हातांची. विरोधी मतं बिनधास्त मांडा.

उलट तपासणी: सुट्टीच्या दिवशी सांधा सैल झाला तर तुम्ही हसून दुसरी फळी घेता. सोमवारी समोर गिऱ्हाईक उभं असतं. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलंत तर बक्षीस, असं ज्यांना आधीच सांगितलं, त्यांनी नंतर मोकळ्या वेळात चित्रं काढणं कमी केलं. तुमच्या रंध्याचंही तेच होणार.

टाचणी: अर्धाच प्रयोग सांगितलात. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड शाबूत राहिली होती. आणि ते बक्षीस म्हणजे रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र होतं हो, पोटापाण्याचा पैसा नव्हे.

भुसा: मी सहा वर्षांपूर्वी ऑफिस सोडून हेच केलं, म्हणून दोघांनाही थोडं थोडं. टाचणी, निम्मा दिवस अंदाजपत्रक, फोन आणि थकलेली उधारी मागण्यात जातो. ऑफिस सुटत नाही, फक्त साहेब बदलतो. माझ्या पहिल्या मोठ्या टेबलाची फळी मी चहूबाजूंनी गोंद लावून पक्की केली. लाकूड हवेतल्या ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं-आकसतं, हे वाचलेलं होतं. हाताला माहीत नव्हतं. कोरडी हवा सुरू झाली आणि फळी मधोमध तडकली. दुसरी पदरमोड करून दिली. शिवाय लाकडाचा भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांच्या गटात टाकलाय, तेव्हा मुखपट्टीचा कंटाळा चालत नाही. हे सगळं धरूनही, सुट्टी संपताना पोटात उठणारा गोळा मात्र गेला. तो परत नको म्हणून मी बरंच सोसतो.

उलट तपासणी: आणि घरचे काय सोसतात? फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ आधी शेअर दलाल होता. 1882 मध्ये बाजार कोसळला, त्यानंतर तो पूर्णवेळ चित्रांकडे वळला. पाच मुलांच्या घराला हातभार म्हणून बायको फ्रेंचच्या शिकवण्या घेत होती. लोक चित्रं बघतात, शिकवण्या कोण बघतो?

टाचणी: हे लागलं. बायकोला अजून आकडे दाखवलेले नाहीत, निव्वळ उत्साह दाखवलाय. लेखापाल असून! आज बसतो. दोन महिने बिनपगारी रजा घेऊन रोज कार्यशाळेत जायचं, असा विचार आहे.

उलट तपासणी: रजेत नोकरी खिशात असते. भीती कुठून येणार?

टाचणी: बिघडलेलं लाकूड माझ्या खात्यावर लिहा, असं सुताराला सांगतो.

भुसा: मग सुरुवात स्वस्त लाकडाने करा.