‘राइट-हँडेड’ रेसकोर्स मराठीत कसा लिहायचा?

मोरपंखी
घोड्यांच्या शर्यतीवरच्या एका माहितीपर लेखाचं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलंय. मूळ लेखात रेसकोर्सचे दोन प्रकार सांगितलेत, राइट-हँडेड आणि लेफ्ट-हँडेड. इंग्लंडमधल्या दोन रेसकोर्सबद्दल भाषांतरातलं वाक्य असं आहे: ‘ॲस्कॉटला घोडे उजवीकडे धावतात, तर एप्समला डावीकडे.’ नुसतं वाचलं तर खटकत नाही. पण शर्यतीचं चित्रीकरण लावून पाहिलं, तर ॲस्कॉटचे घोडे स्टँडसमोरून उजवीकडून डावीकडे जाताना दिसतात आणि एप्समचे डावीकडून उजवीकडे. म्हणजे वाक्य हातात घेऊन कोणी शर्यत बघायला बसला, तर त्याला सगळं बरोबर उलटं दिसणार. ‘घड्याळाच्या दिशेने’ असं करावं का? की यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे?

जुना बोरू
शब्द तयार आहेत: सव्य आणि अपसव्य. उत्तर गोलार्धातलं चक्रीवादळ अपसव्य फिरतं असं आपण लिहितोच. ॲस्कॉट सव्य, एप्सम अपसव्य. दोन शब्दांत काम झालं. असे शब्द असताना घड्याळाचे काटे कशाला फिरवायचे?

रानवाटा
बोरूकाका, इथे मोठी अडचण आहे. संस्कृतात सव्य म्हणजे डावा. अमरकोशातही सव्य डावं आणि अपसव्य उजवंच आहे. अर्जुन सव्यसाची, कारण तो डाव्या हातानेही बाण सोडायचा. मराठीत हा अर्थ पार उलटला, आणि तो जानव्यामुळे उलटला असावा असं मला वाटतं. जानवं डाव्या खांद्यावर असतं ते सव्य. ती नेहमीची स्थिती, म्हणून सव्य म्हणजे सरळ, आणि सरळ म्हणजे उजवं. ज्याला थोडंफार संस्कृत येतं तो ‘सव्य रेसकोर्स’ वाचून डावा समजेल, ज्याला येत नाही त्याला काहीच समजणार नाही.

जुना बोरू
मराठी शब्दाचा अर्थ मराठीत बघायचा. संस्कृतात साहस म्हणजे अविचारी, दांडगाईचं कृत्य. मराठीत आपण साहसी माणसाचा सत्कार करतो. त्याने कोणाचा गोंधळ होत नाही. सव्य म्हणजे उजव्या क्रमाने जाणारं, हे मराठीत रुळून कैक पिढ्या झाल्या.

रानवाटा
साहस रोजच्या बोलण्यात आहे, म्हणून त्याचा नवा अर्थ पक्का झाला. सव्य आज सुटं कोण बोलतं? बोलण्यात राहिलंय ते फक्त ‘एवढं सव्यापसव्य कशाला’. त्याचा अर्थ नसता खटाटोप. शास्त्रीय संज्ञाच हवी असेल तर दक्षिणावर्त आणि वामावर्त घ्या. दक्षिणावर्ती शंख लोकांना माहीत आहे आणि वाम म्हणजे डावं हेही माहीत आहे.

गणिती
सव्य घ्या नाहीतर दक्षिणावर्त घ्या, मोरपंखीताईंचा पेच तसाच राहतो. इथे बघणारे तिघे आहेत. पहिला घोडा: त्याला सगळी वळणं उजवीकडे घ्यायची आहेत. दुसरा वरून बघणारा: त्याला घोडे काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतात. तिसरा स्टँडमध्ये, म्हणजे वर्तुळाच्या बाहेर बसलेला: त्याच्या जवळच्या सरळ भागात तेच घोडे उजवीकडून डावीकडे जातात. तिघांचंही खरं आहे. ‘उजवीकडे धावतात’ हे वाक्य चुकतं, कारण ते कोणाचं उजवं हे सांगत नाही.

आणि कृपा करून ‘घड्याळाच्या दिशेने’ लिहू नका. ते घड्याळ जिथे टांगलंय त्या भिंतीकडे जाणं झालं. ‘घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने’ असं पूर्ण लिहा.

तिसरी घंटा
मी रेस नियमित बघणारा माणूस. आमच्यात कोणी सव्य म्हणत नाही आणि दक्षिणावर्तही म्हणत नाही. आम्ही ‘राइट-हँडेड ट्रॅक’ म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. मराठीच करायचं तर ‘उजव्या हाताचा ट्रॅक’ करा. आतला कठडा, ज्याला आम्ही रेल म्हणतो, तो जॉकीच्या उजव्या हाताला असतो. एवढाच त्याचा अर्थ. मुंबई आणि पुणे दोन्ही उजव्या हाताचे.

रानवाटा
हे मला फार आवडलं! आमची आजी वाट सांगताना म्हणायची, ‘देऊळ उजव्या हाताला ठेवून जा’ किंवा ‘ओढा डावीला टाकून वर चढ’. त्यात कोणाचं उजवं हा प्रश्नच उरत नाही, चालणाऱ्याचंच. प्रदक्षिणेतही हेच, देव उजव्या हाताला. मोरपंखी, वाक्य असं करून बघ: ‘ॲस्कॉटला घोडे आतला कठडा उजव्या हाताला ठेवून धावतात.’ माझी अशीही समजूत आहे की ‘डावलणे’ याच रीतीतून आलं: डावीला टाकून पुढे जाणं, म्हणून दुर्लक्ष करणं.

जुना बोरू
डावलण्याबद्दल सहमत. पण तुमचं वाक्य लांबलं. तक्त्याच्या रकान्यात काय लिहाल? प्रत्येक रेसकोर्सपुढे ‘आतला कठडा उजव्या हाताला ठेवून’? संज्ञा लागतेच. आणि ‘आम्ही असंच म्हणतो, सगळ्यांना कळतं’ एवढ्यावर भागवलं तर मराठीत एकही संज्ञा घडणार नाही.

तिसरी घंटा
रकान्यात ‘उजवा’ आणि ‘डावा’ लिहा, वर एकदा खुलासा करा. संज्ञा वापरणारे घडवतात, काका. ज्याला रोज बोलायचंय त्याच्या तोंडात बसली पाहिजे.

पाचवा कोपरा
मध्येच विचारतो. हे असं दोन प्रकारचं का असतं? सगळीकडे एकच दिशा का नाही? मला वाटायचं धावपटूंसारखे घोडेही डावीकडेच वळतात.

तिसरी घंटा
अमेरिकेत तसंच आहे, सगळे ट्रॅक डाव्या हाताचे. तिथे एक कथा सांगतात. केंटकीत विल्यम व्हिटली नावाच्या माणसाने 1780 च्या दशकात रेसकोर्स बांधला. तो कट्टर ब्रिटिशविरोधी. इंग्रज हिरवळीवर, काट्यांच्या दिशेने पळवतात म्हणून याने मातीचा ट्रॅक केला आणि घोडे उलटे पळवले. पुढे तीच रीत झाली म्हणतात. पण अमेरिकेतही ती एका रात्रीत सगळीकडे पोचलेली नाही. न्यूयॉर्कजवळचं बेलमाँट पार्क 1905 मध्ये सुरू झालं, ते 1921 पर्यंत उजव्या हातानेच धावत होतं.

बाकी जगात सरमिसळ आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न कप जिथे होतो ते फ्लेमिंग्टन डाव्या हाताचं, सिडनीचं रँडविक उजव्या हाताचं. जपानमध्ये तोक्यो डावं, नाकायामा आणि क्योतो उजवी. पॅरिसचं लाँगशाँ उजवं. हाँगकाँगचे दोन्ही ट्रॅक उजवे, दुबईचं मेदान डावं.

गणिती
व्हिटलीच्या कथेत मला एक गोष्ट पटत नाही. इंग्लंडमध्ये तरी सगळे उजव्या हाताचे कुठे आहेत? एप्सम डावं, यॉर्क डावं, डाँकास्टर डावं. चेस्टरला 1539 पासून शर्यती होतात आणि तेही डावं. उजवी कोणती, तर ॲस्कॉट, गुडवुड, सँडाउन. म्हणजे ‘इंग्रजांच्या उलट’ ही दिशा ठरणार कशी? विंडसरचा ट्रॅक तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे.

तिसरी घंटा
मुद्दा बरोबर आहे. कथा सांगितली जाते, म्हणून सांगितली. मला स्वतःला जमिनीचं कारण जास्त पटतं. जुने इंग्लिश रेसकोर्स माळावर, चढउतारावर, जागा मिळेल तसे झाले. एप्समच्या डर्बी शर्यतीचा मार्ग घोड्याच्या नालासारखा आहे, आधी चढ, मग टॅटनम कॉर्नर या वळणाकडे उतार. अशा जागी दिशा जमीन ठरवते.

पण घोड्याला दिशेने फरक पडतो, हे लिहायला विसरू नका. घोडा चौखूर धावताना एका बाजूचे पाय दुसरीपेक्षा पुढे टाकतो. डाव्या वळणावर डावी बाजू पुढे, उजव्या वळणावर उजवी. सरळ भागात आला की चांगला घोडा बाजू बदलतो, म्हणजे दमलेल्या बाजूला विसावा मिळतो. काही घोडे एकाच बाजूवर अडून बसतात. ते नको त्या हाताच्या ट्रॅकवर वळणावर बाहेर फेकले जातात. म्हणून जाणकार घोड्याची आधीची कामगिरी बघताना ती कुठल्या हाताच्या ट्रॅकवरची, तेही बघतात.

मोरपंखी
हा परिच्छेद माझ्या लेखातही आहे! तिथे ‘लीडिंग लेग’चं भाषांतर ‘पुढचा पाय’ केलंय. आता घोड्याला पुढचे पाय दोन. ‘घोडा डाव्या वळणावर डावा पुढचा पाय पुढे टाकतो’ हे वाक्य वाचून मी थांबलेच.

जुना बोरू
‘अग्रपाद’ करा.

रानवाटा
अग्रपाद म्हणजे पावलाचा पुढचा भाग वाटेल. ‘आघाडीचा पाय’ का नको? आघाडी-पिछाडी हे शब्द घोड्यांचेच आहेत. घोडा बांधताना पुढच्या दोऱ्या त्या आघाडी आणि मागच्या पायांच्या त्या पिछाडी.

गणिती
आघाडीचा पाय चांगला आहे, पण खुलासा लागेल. उजवी आघाडी असताना पाय टेकण्याचा क्रम असा: मागचा डावा, मागचा उजवा, पुढचा डावा आणि सर्वांत शेवटी पुढचा उजवा. म्हणजे आघाडीचा पाय जमिनीला सगळ्यात उशिरा लागतो. वाचकाला वाटेल की आघाडीचा म्हणजे पहिला टेकणारा.

रानवाटा
चार खुरांचे चार ठोके, म्हणूनच चौखूर! आणि दुडकी चाल म्हणजे ट्रॉट, त्यात कर्णरेषेतले दोन-दोन पाय एकदम पडतात, ठोके दोनच. दु-डकी. आपल्या लोकांनी कान देऊन हे शब्द केलेत असं मला मनापासून वाटतं.

जुना बोरू
दुडकीतला ‘दु’ दोनाचा नव्हे. लहान मूल दुडुदुडु धावतं, त्यातला हा आवाज आहे. चौखूरही ठोक्यांवरून नसावा. चारी खूर उधळून धावतो तो चौखूर, एवढं सरळ असताना ठोके कोण मोजत बसलं होतं?

गणिती
ठोके कानाला कळतात, डोळ्यांना मात्र काहीच नीट दिसत नव्हतं. चारी खूर एकदम हवेत असतात का, याचा निकाल 1878 मध्ये लागला. एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात पालो आल्टोला कॅमेऱ्यांची रांग लावून सॅली गार्डनर नावाच्या घोडीचे फोटो काढले. चारी खूर हवेत असतात, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. तोवर चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला घोडा हवेत रंगवत होते.

पाचवा कोपरा
मग तीन ठोक्यांच्या चालीला, कँटरला, मराठी शब्द काय?

तिसरी घंटा
कँटर. शर्यतीआधी घोडे स्टार्टिंग गेटकडे कँटर करत जातात, यापलीकडे मी काही ऐकलेलं नाही.

मोरपंखीताई, तुमच्या लेखात घोड्याची उंची दिली असेल तर ती आधी तपासा. मी एका छापील मजकुरात ‘16 हात उंच घोडा’ वाचलंय. इंग्रजी हँड म्हणजे 4 इंच. 16 हँड म्हणजे 64 इंच, साधारण 163 सेंटिमीटर, आणि तेही खांद्याच्या उंचवट्यापर्यंत, डोक्यापर्यंत नाही. आपला हात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, 18 इंच. 16 हात म्हणजे 24 फूट!

मोरपंखी
आहे! ‘पंधरा ते सतरा हात’ असंच आहे. बरं झालं सांगितलंत.

जुना बोरू
मूठ करा. आपल्या मापांत मूठ आहेच, आणि ती चार इंचांच्या जवळ जाते.

रानवाटा
जवळ जाते, पण तेवढीच नाही. सरळ सेंटिमीटर लिहा. तिथे संज्ञेचा हट्ट नको. फर्लांगाचं मात्र बदलू नका. तो आता मराठीच आहे, ‘फर्लांगभर चाललो’ आपण म्हणतोच. 220 यार्ड, मैलाचा आठवा भाग.

तिसरी घंटा
आणखी दोन जागा बघा. ‘निअर साइड’ म्हणजे घोड्याची डावी बाजू, ‘ऑफ साइड’ म्हणजे उजवी. स्वार डावीकडून चढतो, म्हणून डावी ती जवळची. तिथे ‘जवळची बाजू’ केलं की अर्थ गेला. आणि ‘थरोब्रेड’ला जातिवंत करू नका. जातिवंत अरबी घोडाही असतो. थरोब्रेड ही एक ठरावीक जात आहे, इंग्लंडमध्ये तयार झालेली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत प्रत्येकाची बापाकडची वंशावळ जाते. 1791 पासून त्यांची नोंदवही छापली जाते.

जुना बोरू
‘थरोब्रेड’ मी मान्य करतो, ते विशेषनाम आहे. सव्य मात्र सोडणार नाही.

मोरपंखी
दिशेचं मी अजून ठरवलेलं नाही. तक्त्यात ‘उजवा/डावा’ आणि पहिल्या उल्लेखाला कठड्याचं वाक्य, याकडे कल आहे. पण वय हा नवा घोळ निघाला. डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची असते असं लेखात आहे. आणि पुढच्याच पानावर एक घोडा एप्रिलमध्ये जन्मलेला, तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘तीन वर्षांचा’ म्हटलाय. हिशोब केला तर त्याला तीन पूर्ण झालेलीच नाहीत.

गणिती
चूक नाही ती. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचं वय 1 जानेवारीला एकाने वाढतं, जन्म कोणत्याही महिन्यातला असो. ऑस्ट्रेलियात ती तारीख 1 ऑगस्ट. तुमचा घोडा प्रत्यक्षात दोन वर्षं दहा महिन्यांचा, नोंदीत तीनचा.

रानवाटा
मग मराठीत ‘तिसरं चालू आहे’! आपण मुलांचं वय तसंच सांगतो: तिसरं लागलं, तिसरं सरलं. ‘तिसरं लागलेले घोडे’ लिहिलं की कोणाला हिशोब करावा लागणार नाही.

तिसरी घंटा
तसं चालणार नाही. एप्रिलमध्ये जन्मलेल्याला त्याचं तिसरं दुसऱ्या वाढदिवसालाच लागतं. नोंदीत तो तेव्हा दोनचाच असतो आणि दोनवाल्यांच्या शर्यतीत धावतो. पुढे जूनमध्ये, डर्बीच्या वेळी, त्याचं तिसरं सरून चौथं लागलेलं असतं आणि नोंदीत तो तीनचा असतो.

जुना बोरू
‘नोंदवय तीन’ असं करा. जन्मवय वेगळं, नोंदवय वेगळं.

पाचवा कोपरा
नोंदवय छान आहे. पण मग वर्षाच्या आतल्या पिलाला नोंदवय शून्य लिहायचं का? आणि त्याला शिंगरू म्हणायचं ते नर-मादी दोघांनाही?