व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवायच्या आहेत, स्वस्तातलं कॅप्चर कार्ड कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

माळ्यावर व्हीएचएस कॅसेटींचं एक खोकं आहे. आत्याचं लग्न, माझी मुंज, आजोबांची एकसष्टी असा ऐवज. बहुतेक ई-१८०, म्हणजे तीन तासांच्या. बाहेरून करून घेता येईल, पण कॅसेटी परक्याच्या हातात द्यायला आई तयार नाही. मामाचा व्हीसीआर अजून ठणठणीत आहे, तेव्हा घरीच करायचं ठरवलंय.

संगणक साधा डेस्कटॉप, विंडोज १०. जुनं पीसीआय टीव्ही ट्यूनर कार्ड पडून आहे, पण या मदरबोर्डवर तो स्लॉटच नाही. म्हणजे यूएसबीच आलं. बजेट दोन हजार, फार तर तीन.

मित्राची ईझीकॅप छापाची यूएसबी कॅप्चर काडी लावून पाहिली. पिवळी-पांढरी-लाल पिन लावल्यावर चित्र आलं, पण सुरुवातीला कृष्णधवल आणि गडगडणारं. सेटिंगमध्ये एनटीएससी (अमेरिकेकडची टीव्ही पद्धत) होतं, ते पाल-बी (आपल्याकडची) केल्यावर रंग आले. पण कॅसेट जिथे जरा खराब आहे तिथे स्क्रीन निळी होते, आणि पुढे आवाज नि चित्राची फारकत. मंगलाष्टकं संपून वाजंत्री सुरू झाली तरी पडद्यावर अक्षता पडतायत. शिवाय चित्राच्या तळाशी एक वळवळणारी पट्टी दिसते, ती टीव्हीवर कधी दिसली नव्हती.

दुकानदार म्हणतो, हे सोडा, एचडीएमआय कॅप्चर घ्या आणि मध्ये एव्ही-टू-एचडीएमआय डबी लावा, 'फुल एचडी' मिळेल. मला हे पटत नाही, पण ठामपणे नाही म्हणण्याइतकं कळतही नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

दुकानदाराचं ऐकू नका. पालचं चित्र ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. ती डबी तेच ताणून मोठं करते, तपशील कुठून आणणार? वर बऱ्याच डब्या ४:३ चं चित्र १६:९ करतात, मग आत्या आणि त्यांचे यजमान दोघेही गोलमटोल दिसतील. एचडीएमआयच्या स्वस्त काड्यांवर 'फोर-के' छापलेलं असतं, ते फक्त आत काय घेते त्याबद्दल. रेकॉर्डिंग १०८०पी च्या वर जात नाही.

तळाची पट्टी हा कार्डाचा दोष नाही. व्हीसीआरचं एक हेड (टेप वाचणारा भाग) थांबून दुसरं सुरू होतं तिथला तो गोंधळ. जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीमागे लपवायचे, म्हणून दिसत नव्हता. शेवटी काळी पट्टी मारून झाका.

प्रतिसाद २

काडी बदलून निळी स्क्रीन जाईलच असं नाही. जुन्या टेपचा सिंक (चित्राची ओळ नि फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणारा इशारा) डळमळीत असतो, आणि तो तुटला की स्वस्त कार्ड फ्रेम गाळतं. आवाज मात्र चालूच राहतो, म्हणून फारकत. त्यावरचा खरा इलाज टाइम बेस करेक्टर, म्हणजे हा डळमळीत सिग्नल सावरणारं यंत्र, पण तो तुमच्या बजेटच्या कैक पट. गरिबाचा इलाज म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर: व्हीसीआरची वायर त्यात, त्यातून कार्डात. काही मॉडेल सिग्नल बऱ्यापैकी सावरतात. सगळीच नाही, आधी लावून बघा.

ईझीकॅप नावाखाली डबा तोच आणि आतली चिप वेगळीच निघते, ड्रायव्हरचा घोळ त्यामुळेच. एसटीके११६० किंवा यूटीव्ही००७ असेल तर लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीपासूनच आहे. घेताना परत करायची सोय असलेलीच घ्या आणि एस-व्हिडिओची (उजेड आणि रंग वेगळे नेणारी) पिन असलेली बघा, जरी तुमच्या व्हीसीआरला ती बहुधा नसेल.

आणि हो, कॅसेटीची खिडकी उजेडात धरून बघा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर बुरशी आहे. तशी कॅसेट घालू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. एकसष्टीच्या कॅसेटला पांढरं दिसतंय, ती बाजूला ठेवली. काडी तूर्तास मित्राचीच वापरतो आणि पैसे डीव्हीडी रेकॉर्डरला ठेवतो. आता प्रश्न एवढाच: एव्ही इनपुट असलेला, चालू स्थितीतला रेकॉर्डर पुण्यात जुन्या मालात कुठे मिळेल? कुणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येऊन घेऊन जाईन.