देवनागरी घरपाटीची एसव्हीजी अक्षरे फ्रीकॅडमध्ये: पॉकेट का होत नाही?

प्रश्न: सागवान_छंद

नमस्कार. घराच्या नावाची लाकडी पाटी सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांनुसार लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर, कोरून घ्यायची आहे. सागवानी फळी ४५० मिमी लांब, १५० मिमी रुंद आणि १८ मिमी जाड आहे. तिच्यात ‘स्नेहबंध’ ही अक्षरे ४ मिमी खोल जावीत, तळ सपाट राहावा आणि नंतर त्या खाचांत काळे इपॉक्सी भरता यावे, अशी कल्पना आहे. अक्षरे ओळखीच्या एका सुलेखनकाराने काढून एसव्हीजी (रेषांच्या स्वरूपात साठवलेल्या चित्राची) फाइल दिली आहे. अक्षरांभोवती २ मिमी जाडीच्या रेषेची चौकट आहे.

ही फाइल फ्रीकॅड १.० या कॅड (संगणकावर आराखडा करण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये भूमिती म्हणून आयात केली, तर ४०० मिमी रुंदीचा शब्द ३०० मिमीचाच येतो. सर्व रेषांचे एकच स्केच करून पॉकेटची, म्हणजे बंद रेषेच्या आतला भाग खोदण्याची, आज्ञा दिली की ती त्रुटी दाखवून थांबते. फक्त चौकट आणि ‘ह’ घेऊन पाहिले, तेव्हा पॉकेट झाले खरे, पण चौकटीच्या आतले सगळे लाकूड खोदले गेले आणि ‘ह’ उलट उठावाचा राहिला. दुरुस्ती चित्रात करायची की कॅडमध्ये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: बंद_रेषा

दुरुस्ती चित्रातच करावी. कॅडमध्ये बसून एकेक बिंदू जुळवण्यात वेळ जातो आणि अक्षराचे वळणही बिघडते.

चित्रकलेच्या सॉफ्टवेअरला रंग भरलेला दिसला की पुरते. कॅडला रंग कळत नाही. त्याला स्वतःला किंवा दुसऱ्या रेषेला न छेदणारी, पूर्ण बंद सीमारेषा लागते. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा घेऊन येते आणि शब्द सलग दिसावा म्हणून शेजारच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. काळ्यावर काळे पडत असल्यामुळे हे पडद्यावर जाणवत नाही. इंकस्केप या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून आउटलाइन (फक्त बाह्यरेषांचे) दृश्य लावा, म्हणजे ‘ने’ आणि ‘ह’ यांच्यामध्ये शिरोरेषेवर एक चिंचोळा उभा आयत दिसेल. दोन बाह्यरेषा तिथे एकमेकींना छेदतात आणि पॉकेट नेमके तिथेच अडते. ‘ने’ची मात्रा शिरोरेषेला जिथे टेकते, तिथेही बहुधा हेच असेल.

उपाय असा: अक्षरे अजून मजकूर म्हणून असतील, तर आधी त्यांचे पाथमध्ये (रेषांच्या आकृतीत) रूपांतर करा, मग सगळी निवडून युनियन करा, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करा. आता शिरोरेषेने जोडलेल्या अक्षरांची मिळून एकच बाह्यरेषा उरेल, अनुस्वाराचा ठिपका आणि शिरोरेषा तुटक असल्यामुळे बहुधा ‘ध’ही वेगळा राहील आणि ‘ब’च्या पोटातल्या पोकळ्या आतल्या बंद रेषा म्हणून राहतील. फाइल हस्तलिखित स्कॅन करून ट्रेस केलेली असेल, तर बिंदूंची संख्याही तपासा. ट्रेस केलेल्या वळणावर अनावश्यक बिंदूंची दाटी असते आणि तेवढ्या बिंदूंचे स्केच उघडतानाच फ्रीकॅड रेंगाळू लागते. बिंदू कमी करणारी सिम्प्लिफाय ही आज्ञा एकदाच आणि हलक्या हाताने वापरा, कारण त्याच आज्ञेने लेखणीच्या टोकाचा कोन बोथट होतो आणि सुलेखनात जीव असतो तो तिथेच.

चौकटीचे कारण वेगळे आहे. आयात करताना रेषेची जाडी गळून पडते आणि फक्त मध्यरेषा येते. त्यामुळे फ्रीकॅडच्या दृष्टीने तुमची चौकट म्हणजे एक भरीव आयत झाला. बंद आकृतीच्या आत दुसरी बंद आकृती आली की ती आतली न खोदलेले बेट ठरते, म्हणून ‘ह’ वर राहिला. इंकस्केपमध्ये स्ट्रोक टू पाथ (रेषेच्या जाडीचे बंद आकृतीत रूपांतर) केल्यावर चौकटीला बाहेरचा आणि आतला असे दोन आयत मिळतील, मग क्रम आपोआप सुधारेल: चौकट खोल, आतले लाकूड वर, अक्षर खोल, ‘ब’ची पोकळी पुन्हा वर.

एवढे झाल्यावर फ्रीकॅडच्या ड्राफ्ट वर्कबेंचमधून (साधनसंचातून) सर्व पाथांचे एकच स्केच करा. तरीही पॉकेट झाले नाही, तर स्केचर वर्कबेंचमधील व्हॅलिडेट स्केच चालवा. उघडी राहिलेली टोके ते ठळक करून दाखवते.

उत्तर: मापात_राहा

मापाबद्दल एवढेच सांगतो. ४०० चे ३०० होणे म्हणजे नेमके ०.७५ पट, आणि ७२ भागिले ९६ तेवढेच येते. चित्र ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढले, तिथे १ एकक म्हणजे इंचाचा ७२ वा भाग होता, आयात करताना ते ९६ वा भाग धरले गेले. इंकस्केपच्या ०.९२ पूर्वीच्या आवृत्त्यांत हा आकडा ९० होता, त्या फाइलीत ४०० चे ३७५ होतात. आलेल्या मापाला अपेक्षित मापाने भागले की दोष कुठला ते कळते.

फ्रीकॅडमध्ये १.३३ पट मोठे करू नका, कारण त्या पूर्णांकनाने ४०० चे ३९९ होतील. इंकस्केपमध्ये पानाचे माप मिलिमीटरमध्ये फळीएवढे, म्हणजे ४५० बाय १५० ठेवा, शब्दाची रुंदी ४०० मिमी लिहून द्या आणि मग साठवा. पान फळीएवढे असले की अक्षरे फळीवर बसवणेही सोपे जाते: आयात केलेले चित्र क्ष-अक्षाच्या खाली येते, ते य-दिशेने १५० मिमी वर सरकवले की पुरे.

सागवान_छंद

दोघांचेही मनापासून आभार. युनियन केल्यावर पॉकेट झाले आणि मापही अचूक आले. आता राउटरचालक ३ मिमी व्यासाचे सपाट टूल वापरणार असे म्हणतात. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ मोजली, तर ती सर्वांत अरुंद जागी २.६ मिमी भरते. काय करावे?

उत्तर: टूल_त्रिज्या

ती रेघ ३ मिमीच्या टूलने कोरली जाणार नाही. जिथे टूल मावत नाही, तिथला मार्ग कॅम (टूलचा मार्ग आखणारे सॉफ्टवेअर) गाळते, त्यामुळे रेघ मध्येच तुटेल आणि ‘ब’चा ‘व’ वाचला जाईल. टूलमार्ग काढण्याआधी हे पाहायचे असेल, तर अक्षरांच्या प्रतीवर इंकस्केपमध्ये १.५ मिमी इनसेट (कड आत घेणे) आणि लगेच तेवढेच आउटसेट (कड बाहेर नेणे) करा. जे उरेल, तेवढेच प्रत्यक्ष कोरले जाईल.

कोपऱ्यांकडेही लक्ष द्या. शिरोरेषेची दोन टोके आणि दंडाचे खालचे टोक १.५ मिमी त्रिज्येने गोल होतील. पण दंड शिरोरेषेला मिळतो तिथले कोपरे तीक्ष्णच राहतील, कारण तिथे टूल लाकडाच्या कोपऱ्याला बाहेरून वळसा घालते. टोके लखलखीत हवी असतील, तर ती पटाशीने हाताने काढावीत.

२ मिमीचे टूल लावणे शक्य आहे, परंतु माझे मत वेगळे आहे. सुलेखनकारालाच ती रेघ साडेतीन मिमी करून मागा, आणि त्याबरोबर ‘ब’चे पोटही थोडे मोठे करायला सांगा. कारण रेघ जाड झाली की तिच्या दोन्ही बाजूंची लाकडी बेटे बारीक होतात आणि सागाचे अरुंद बेट लाकडाच्या रेषेच्या दिशेने चटकन उडते. अक्षर कुठे सैल करायचे, हे ज्याने ते लिहिले त्यालाच नीट कळते.

चौकटीबाबत मात्र बंद_रेषा यांच्याशी मी सहमत नाही. २ मिमीच्या पट्टीत ३ मिमीचे टूल शिरणारच नाही, त्यामुळे तिचे पॉकेट करण्यात अर्थ नाही. चौकटीची मूळ मध्यरेषा वेगळ्या स्केचमध्ये ठेवा आणि कॅम वर्कबेंचमधील एन्ग्रेव्ह (रेषेवरून कोरण्याची आज्ञा) वापरून २ मिमीचे टूल तिच्यावरून फिरवा. रुंदी टूलच देईल.

बंद_रेषा

चौकटीचा मुद्दा मान्य आहे. एकसारख्या जाडीच्या रेषेला मध्यरेषाच योग्य. व्ही-कार्व्हचा (टोकदार टूलने व्ही-आकाराची खाच कोरण्याचा) विचार येथे करू नये, एवढे जोडतो. ६० अंशांच्या व्ही-टूलने कोपरे सुरेख निघतात, पण खोली रुंदीवर ठरते: २ मिमीच्या रेघेत १.७ मिमी, तर ९ मिमीच्या शिरोरेषेत ७.८ मिमी. रंग भरायचा असता तर चालले असते. तुम्हाला इपॉक्सी घासून फळीच्या पातळीला आणायचे आहे, आणि त्यासाठी ४ मिमीचा सपाट तळच बरा. सुधारलेला ‘ब’ हातात आला की तेवढे एकच अक्षर त्याच सागाच्या तुकड्यावर, लाकडाच्या रेषांची दिशा पाटीसारखीच ठेवून, आधी कोरून घ्या.