जुन्या डब्यात अजून पैसे घालायचे का नवीन मशीन घ्यायचं? गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांनी बोला

तापीकाठी, चोपडा
आमच्याकडे अहिराणी गाण्यांचं काम चालतं, लग्नाची, कानबाईची, निवडणूक आली की प्रचाराची. मशीन म्हणजे कॉम्प्युटर, त्यात इंटेलचा आय५ ४५७० प्रोसेसर, एच८१ बोर्ड, ८ जीबी रॅम आणि साधी हार्डडिस्क. हल्ली जो येतो तो म्हणतो विंडोज १० बंद झालं, भंगारात टाक. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला हे खरं, नि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आपला चौथ्यातला, हेपण खरं. पण म्हणून १५ तारखेला रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) उघडायचं बंद झालं का? रेकॉर्डिंगच्या मशीनला नेट लागतं कशाला, वायर काढून ठेवा. माझं सरळ मत, एक साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी फास्ट डिस्क) नि अजून ८ जीबी डीडीआर३ रॅम टाकायची, एवढ्यात लग्नसराई आरामात निघते, आणि उरलेले पैसे माइकवर आणि खोलीचा आवाज मारण्यावर घालायचे. विरोध असेल तर कारण सांगा, नुसतं "नवीन घे भो" नको.

मिक्सवाला_धुळे
कारण घे मग. एसएसडीने विंडोज झटकन उघडेल, ढोलकी-शहनाईच्या लायब्ऱ्या (आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांचे साठे) पटकन लोड होतील, पुढे काय? गाणं वाजताना जो कटकट आवाज येतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरचा असतो. ४४.१ किलोहर्ट्झला बफर (एका दमात हिशोबाला घ्यायचे आवाजाचे नमुने) १२८ ठेवला तर मशीनला दर २.९ मिलिसेकंदात सगळा हिशोब संपवायचा असतो, नाही संपला की आवाज तुटला. आणि एकाच ट्रॅकवर एकामागे एक लावलेले प्लगइन (आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्राम) साधारण एकाच कोरवर चालतात, त्यामुळे चार कोर असून तिथे उपयोग नाही, तो एक कोर किती जोरात पळतो तेवढंच. तुझा कोर २०१३ चा आहे. बफर १०२४ केला तर कटकट जाते पण एका बाजूनेच २३ मिलिसेकंदाचा उशीर, जाऊन-येऊन त्याच्या दुपटीच्याही वर. आमच्याकडे एक बाई गायला आल्या होत्या, हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून येतोय म्हणून लय धरीनात, शेवटी एक बाजू कानावरून सरकवून गायल्या आणि तो ट्रॅकचा आवाज त्या हेडफोनमधून माइकमध्ये शिरला. ते साफ करत बस मग.

तापीकाठी, चोपडा
इंटरफेसवर, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडतो त्या खोक्यावर, डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं भाऊ. गायकाचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात. त्याला आठवी पिढी कशाला?

मिक्सवाला_धुळे
आणि एको? आपल्याकडचा गायक कानात एको आल्याशिवाय तोंड उघडत नाही, कोरडा आवाज ऐकला की म्हणतो माइक खराब आहे.

तापीकाठी, चोपडा
मूळ आवाज डायरेक्ट ठेव आणि कॉम्प्युटरमधून फक्त रिव्हर्ब (आवाजाची घुमणारी शेपटी) पाठव, शंभर टक्के ओला, म्हणजे त्यात मूळ आवाज अजिबात नको. रिव्हर्ब २०-३० मिलिसेकंद उशिरा आला तरी कोणाला कळत नाही, उलट मोठ्या हॉलसारखा वाटतो. मिक्सिंगला बफर १०२४, जड ट्रॅक फ्रीज, म्हणजे प्लगइनसकट आधीच तयार ऑडिओ करून ठेवायचे. अख्खी गाणी अशीच निघतात.

जिनिंगमागची_गल्ली, जळगाव
दोघंही थांबा जरा, डबा उघडून कोणी पाहिला का? आमच्या गल्लीत जिनिंग आहे. मागे एकाचं मशीन उघडलं तर फॅन नि हीटसिंकच्या मध्ये कापसाचा लिंट अन धूळ मिळून नमदा झालेला, बोट घालून काढला तर पापुद्र्यासारखा एका तुकड्यात निघाला, खालची पेस्ट वाळून खडू. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, आत एसी नाही, प्रोसेसर शंभरच्या आसपास गेला की स्वतःच स्पीड पाडतो आणि लोक म्हणतात मशीन म्हातारं झालं. आधी ब्लोअर मारा, नवी पेस्ट लावा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाका, वायफाय बंद करून लेटन्सीमॉन (ड्रायव्हरमुळे होणारा उशीर दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा, कारण खूपदा ड्रायव्हरच लफडं करतो. आणि गोलाणी मार्केटात कोणी सेकंड हँड आय७ ४७९० गळ्यात मारायला लागला तर घेऊ नका. थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आठ होतात पण टर्बो, म्हणजे जास्तीत जास्त स्पीड, ३.६ वरून ४.० गिगाहर्ट्झवर, एका ट्रॅकला फारसा फरक नाही.

पुण्यातला_अमळनेरकर
या सगळ्या कटकटीपेक्षा ॲपलचा एम४ मॅक मिनी घ्या ना राव, २०२४ ला आला तेव्हा ५९,९०० ला १६ जीबी रॅमसकट होता, आवाज नाही, गरम होत नाही.

मिक्सवाला_धुळे
मी नवीन घ्या म्हणतोय तरी मॅक नको म्हणेन. रॅम नंतर वाढवता येत नाही, २५६ जीबीत लायब्ऱ्या मावत नाहीत, म्हणजे बाहेरची एसएसडी आलीच. आणि तापीकाठीच्या जुन्या प्रोजेक्टमधले ३२ बिट प्लगइन? मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिट बंद. एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि बी५५० बोर्ड, सहा कोर, विंडोज ११ बिनधास्त.

सातपुडा_साउंड, नंदुरबार
नवीन घ्यायला ही वेळ तरी बरी आहे का? २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी रॅम ओढली, भाव कुठच्या कुठे गेले, मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशियल या आपल्या रॅम-एसएसडीच्या ब्रँडचा घरगुती धंदाच बंद करायचं जाहीर केलं. पण माझी भीती दुसरीच आहे. एच८१ बोर्ड दहा वर्षांच्या वरचा, आपल्याकडे लाइट जाते-येते, व्होल्टेज कधी १८० कधी २५०. ऐन वैशाखात बोर्ड उडाला तर नवा एच८१ कुठून आणणार? नवरदेवाच्या घरचे थांबत नाहीत, हळदीला गाणं वाजलंच पाहिजे त्यांना.

शिरपूरना_पोऱ्या
भाऊ, बठ्ठा पैसा कंप्युटरमा घाली देशी ते माइक कसाना लेशी?

तापीकाठी, चोपडा
शिरपूरवाला माझ्या बाजूचा एकटाच. 😄 बोर्ड उडायचं मात्र पटलं. तर डीडीआर३ कॅन्सल, ती रॅम नवीन बोर्डवर बसत नाही, पैसा मेलाच. एसएसडी घेतो, ती उद्या कुठल्याही मशीनला लागेल. ब्लोअर आणि पेस्ट या रविवारी. नवीन मशीन दिवाळीनंतर, रॅमचा भाव बघून.

मिक्सवाला_धुळे
८ जीबीवर लायब्ऱ्या लोड करून दाखव, मग बोलू. आणि प्रोजेक्ट त्या जुन्या हार्डडिस्कवर एकट्याच ठेवू नको, ती बोर्डच्या आधी जाईल.

जिनिंगमागची_गल्ली, जळगाव
आणि यूपीएसची बॅटरी बदल रे, सगळे प्रोसेसरवर भांडताय आणि लाइट गेली की तुझं मशीन किती वेळ टिकतं ते कोणी विचारलंच नाही.