मदत हवी आहे: परदेशी एक्स्चेंजवरचं जुनं बिटकॉइन

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात, कासारवडवलीला राहतो. २०२१ मध्ये ऑफिसातल्या पोरांच्या नादाने एका परदेशी एक्स्चेंजवर थोडं बिटकॉइन घेतलं. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या एफआययूने (केंद्राच्या आर्थिक गुप्तचर विभागाने) नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा धाडल्या आणि पुढच्याच महिन्यात माझं ॲप उघडेना. पासवर्ड दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर आहे, तेवढाच आधार.

आता ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या 'कार्फ' या क्रिप्टो-माहितीच्या चौकटीखाली देश एकमेकांना क्रिप्टो खात्यांची माहिती २०२७ पासून देऊ लागणार, भारतही त्यात यायच्या तयारीत आहे. मला लपवायचं नाहीच. पण नौपाड्यातले आमचे सीए काका म्हणतात, "विकलं नाहीस ना? मग कशाला डोकं खातोस!" मला काही ते पटत नाही.

विकल्यावर ३० टक्के कर, वर सेस, तोटा कशातूनच वजा नाही, हे ठाऊक आहे. अडलंय ते असं: नुसतं पडून असलेलं हे खातं इन्कम टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवायचं का? मागच्या वर्षांचं अपडेटेड रिटर्न (मुदत गेल्यावर भरता येतं ते) भरून कुणी निस्तरलंय का? ठाणे-नवी मुंबईत यातला जाणकार सीए माहीत असेल तर इनबॉक्स करा. फी देणार, फुकट सल्ला नकोय.