पिवळा रुमाल कुणावर पडतो? कॉलेज फुटबॉलमधल्या रडीच्या डावाचे अनुभव

ऑक्टोबर उजाडला की मिशिगनमधल्या मराठी घरांत दोन तट पडतात. एक ॲन आर्बरचा, निळा-पिवळा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन. दुसरा ईस्ट लॅन्सिंगचा, हिरवा, म्हणजे मिशिगन स्टेट. दोन्ही गावांत गाडीने जेमतेम तासाभराचं अंतर. गणपतीच्या आरतीला एका सुरात टाळ्या वाजवणारी माणसं त्या एका शनिवारी एकमेकांचे फोन उचलत नाहीत. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला. 'याला फुटबॉल का म्हणतात' हा वाद इथे नको, त्यावर चार धागे पडून आहेत.)

ही दुश्मनी १८९८ पासूनची. जिंकणाऱ्याला पॉल बन्यन नावाच्या लाकूडतोड्याचा चार फुटी लाकडी पुतळा मिळतो, १९५३ पासून. दिसायला अगदीच बेंगरूळ, पण त्याच्यासाठी होणारी मारामारी खरी असते. तुम्ही स्वतः पाहिलेला, खेळलेला किंवा सोसलेला घाणेरडा खेळ इथे लिहा. एकच अट, आपल्या संघाचंही लिहायचं.

सुरुवात मीच करतो. मी हिरवा. १५ ऑक्टोबर २०११ ला ईस्ट लॅन्सिंगच्या मैदानात विद्यार्थ्यांच्या रांगेत उभा होतो. त्याआधीची गोष्ट माहीत हवी. २००७ मध्ये मिशिगनने आम्हाला २८-२४ असं हरवलं आणि त्यांचा माइक हार्ट पत्रकारांसमोर आम्हाला 'धाकटा भाऊ' म्हणाला. आपल्याकडे धाकट्या भावाला धाकटा म्हटलं तर काही बिघडत नाही, पण भावकीत बांधावर उभं राहून म्हटलं तर कोयता निघतो. आमचे प्रशिक्षक मार्क डँटोनिओ तेव्हाच म्हणाले होते की हे संपलेलं नाही, ही सुरुवात आहे. पुढची चारही वर्षं आम्ही जिंकलो. २०११ हे त्यातलं चौथं, २८-१४.

त्या दिवशी आमच्यावर १३ पेनल्टी लागल्या, १२४ यार्डांच्या. म्हणजे मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन वर थोडं परत येण्याइतकी जमीन आम्ही फुकट दिली. मला स्टँडमधून काय दिसलं? पिवळे रुमाल (नियम मोडला की पंच मैदानावर टाकतात ते) पडताना दिसले, आणि प्रत्येक रुमालाला मी घसा फाटेस्तोवर पंचांना शिव्या घातल्या. रात्री रूमवर रिप्ले पाहिला. खेळ थांबल्यावर आमचा विल्यम घोल्स्टन खाली पडलेल्या मिशिगनच्या डेनार्ड रॉबिन्सनचं हेल्मेट धरून मान पिरगाळत होता. दुसऱ्या एका वेळी त्याने मिशिगनच्याच टेलर लुवानला ठोसा मारला. त्यावर आमच्या बचावाचे प्रशिक्षक, साठ मिनिटं अनावश्यक धसमुसळेपणा करायचा हाच आमचा बेत होता, अशा अर्थाचं अभिमानाने बोलून गेले. बिग टेनने (दोन्ही विद्यापीठं ज्या संघटनेत खेळतात तिने) घोल्स्टनला एक मॅच घरी बसवलं. ती विस्कॉन्सिनविरुद्धची मॅच आम्ही त्याच्याशिवायच शेवटच्या लांब पासवर ३७-३१ जिंकलो, त्यामुळे शिक्षेचं दुःखही झालं नाही. रूममध्ये आम्ही चौघे होतो. मान पिरगाळण्याचा रिप्ले आला तेव्हा कुणी काही बोललं नाही, आणि त्याच्या पुढच्याच टचडाउनला (चेंडू समोरच्यांच्या टोकाला नेला की मिळणारे गुण) चौघेही ओरडलो.

कँटनहून

मी फुटबॉलवाली नाही, मार्चिंग बँडवाल्या मुलीची आई आहे. २९ ऑक्टोबर २०२२, रात्रीची मॅच, 'बिग हाऊस', म्हणजे मिशिगनचं स्टेडियम. लाखभर माणसं. मिशिगन २९-७ जिंकलं आणि आम्ही खुशीत बाहेर पडत होतो. आत काय झालं ते गाडीत बसल्यावर फोनवर कळलं.

ज्यांनी ते स्टेडियम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे खेळाडूंना आत-बाहेर जायला एकच बोगदा आहे. दोन्ही संघ त्याच उतारावरून, त्याच दाराने जातात. हरलेला संघ आणि जिंकलेला संघ, अंगात रग, हातात हेल्मेट, आणि बाजूला जायला जागा नाही! शेतातल्या एकुलत्या वाटेवर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्यासारखं. दोनच आठवड्यांपूर्वी पेन स्टेटच्या संघाशी मध्यंतरात तिथेच बाचाबाची झाली होती. या वेळी मिशिगनचे दोन खेळाडू हिरव्यांच्या घोळक्यात सापडले. लाथा, ठोसे, आणि एकाने हेल्मेट फिरवून मारलं. ते व्हिडिओ मी एकदाच पाहिले. पुढे सात जणांवर फौजदारी गुन्हे दाखल झाले, मिशिगन स्टेटला एक लाख डॉलर दंड झाला आणि मिशिगनलाही समज मिळाली. नंतर काही खुर्च्या काढून बोगद्याचं तोंड रुंद केलं म्हणे.

मला राहून राहून एकच वाटलं. ही वीस वर्षांची पोरं. मैदानावर मारलं असतं तर १५ यार्ड गेले असते. पन्नास पावलं पुढे जाऊन मारलं तर कोर्टाची पायरी. दोन्हीकडच्या आया त्या रात्री झोपल्या नसतील.

ग्रँड रॅपिड्सहून

ताई, शेवटचं वाक्य पटलं. मी गेली काही वर्षं शनिवारी सकाळी शाळकरी मुलांच्या मॅचेसना पंच म्हणून उभा राहतो (पोट कमी करायला सुरू केलं, पोट तसंच आहे). म्हणून जरा पंचांच्या बाजूनेही.

पहिला नियम, पुस्तकात नसलेला: पकडला जातो तो दुसरा. पहिल्याने चिमटा काढला, पोटात कोपर मारलं, आईवरून काही बोलला, ते आम्हाला दिसत नाही. २२ जण एकदम हलतात आणि आमच्याकडे पंच पाच. गलका ऐकून मान वळते तेव्हा दुसऱ्याचा हात हवेत असतो. रुमाल त्याच्यावर. मुरलेले खेळाडू हे जाणतात आणि त्याचाच धंदा करतात. समोरच्या गरम डोक्याच्या पोराला हेरायचं, त्याला पूर्वार्धभर टोचत राहायचं, तिसऱ्या क्वार्टरला तो फुटतो. १५ यार्ड आयते. मी याला सगळ्यात घाण खेळ म्हणतो, आणि याला शिक्षा शून्य.

दुसरं, ढिगारा. चेंडू सुटून जमिनीवर पडला की दहाबारा जण त्यावर झेप घेतात. त्या ढिगाऱ्याखाली बोटं पिरगाळतात, हेल्मेटच्या जाळीतून डोळ्यात बोट घालतात, चावतातही. आम्ही वरून एकेक धड उपसत आत जातो तेव्हा चेंडू कितीदा मालक बदलून गेलेला असतो देव जाणे. एकदा तळाशी सापडलेला मुलगा माझ्याकडे बघून हसत होता, दातात दुसऱ्याच्या हातमोज्याचा धागा.

कॉलेजच्या खेळात २०१३ पासून एक कडक गोष्ट आली, टार्गेटिंग. हेल्मेटचा माथा पुढे करून धडक दिली किंवा बेसावध खेळाडूच्या डोक्याला-मानेला लक्ष्य केलं की थेट बाहेर. तेव्हा उत्तरार्धात केलं तर पुढच्या मॅचचा पूर्वार्धही जायचा. नियम चांगलाच आहे, मेंदूला मार बसतो तो आयुष्यभराचा. पण २०१५ च्या याच मॅचमध्ये मिशिगनच्या जो बोल्डनला टार्गेटिंगसाठी काढलं, तेव्हा त्याला मागून धक्का लागून तो पडला होता असं निळे आजही म्हणतात. मी तो रिप्ले पंच म्हणून पाहिला आणि मी रुमाल टाकला नसता. झालं, आता हिरवे मला शिव्या घालतील.

कोलंबस, ओहायोहून

तुमची भावकी ठीक आहे हो, पण मिशिगनची खरी खुन्नस आमच्याशी. आमच्या गावात त्या आठवड्यात लोक इंग्रजी 'एम' अक्षरावर फुली मारतात. ऑफिसच्या पाट्यांवरसुद्धा!

३० नोव्हेंबर २०२४, मी मैदानात होतो. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, मिशिगनचा तो हंगाम यथातथाच. शेवटच्या मिनिटात त्यांनी फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून उडवायचा) मारला आणि सामना १३-१० असा जिंकला. मिशिगनकडून आमचा लागोपाठ चौथा पराभव. आम्ही सुन्न. तेवढ्यात त्यांच्यातले काही जण झेंडा घेऊन मधोमध आले, तिथे रंगवलेल्या आमच्या 'ओ' वर रोवायला. मग जी झुंबड उडाली! पोलिसांनी तिखट फवारा मारला. वर बसलेल्या आम्हाला फक्त खोकत, डोळे चोळत पळणारी पोरं दिसत होती. आमच्या एका खेळाडूने झेंडा काठीपासून ओढून काढला, तेव्हा मॅचभर गप्प असलेलं अख्खं स्टेडियम ओरडलं. मीही. दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख दंड.

धागाकर्त्याच्या अटीप्रमाणे आता आमचं. आमचे थोर प्रशिक्षक वुडी हेज. १९७१ मध्ये ॲन आर्बरला पंचांवर चिडून त्यांनी कडेच्या खुणा उपटून भिरकावल्या. १९७८ च्या गेटर बोल या हंगामाअखेरच्या मॅचमध्ये समोरच्या क्लेमसनच्या खेळाडूने आमचा पास मधेच पकडून आमची उरलीसुरली आशा संपवली आणि तो धावत कडेला आला, तर या ६५ वर्षांच्या गृहस्थांनी त्याला ठोसा लगावला. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. आणि आज स्टेडियमजवळच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. मी रोज त्या रस्त्याने कामावर जातो. माणूस खेळाडूंना अभ्यासाला बसवायचा, गरजूंना गुपचूप मदत करायचा, असं इथले म्हातारे सांगतात. ठोसाही त्याचाच होता. दोन्ही एकाच रस्त्यावर मावतं.

मूळ कोल्हापूर, सध्या ॲन आर्बर

झेंड्याचं वाचून हसलो. आमच्या पेठा-तालमींचा फुटबॉल (पायाचा, मंडळी) शाहू स्टेडियमवर पाहत वाढलो. तिथेही पेठेची इज्जत असते आणि पंचाला कुठल्या पेठेचा ते आधी विचारतात. पहिल्यांदा टेलगेटला (मॅचआधी स्टेडियमबाहेर गाड्यांपाशी रंगणारी खाण्यापिण्याची जत्रा) गेलो तेव्हा भाजलेल्या मांसाचा वास आणि शिव्यांचा सूर, दोन्ही ओळखीचे वाटले. एकदा मागच्या रांगेतल्या एकाने गार बिअर माझ्या कॉलरमध्ये ओतली. कुठल्या रंगाचा ते सांगत नाही, धागा पेटेल. त्याच्या बायकोने मला रुमाल दिला. पिवळाच होता.

ट्रॉयहून

आमच्या घरात मी निळी, नवरा हिरवा. पोराला पांढरे कपडे.

माझ्या बाजूचा गुन्हा मीच सांगते. २०१४ ला ईस्ट लॅन्सिंगला मॅच सुरू व्हायच्या आधी आमच्या खेळाडूंनी त्यांच्या गवतात भाला रोवला. दुसऱ्याच्या रानात जाऊन खुंटी ठोकायची, याला आमच्या आजोळी कोर्टकचेरीचं आमंत्रण म्हणतात. हिरवे ३५-११ जिंकले, आणि वर जेमतेम अर्धं मिनिट उरलं असताना, निकाल कधीच लागलेला असताना, आणखी एक टचडाउन केला. डँटोनिओ नंतर म्हणाले, म्हटलं आपणही खुंटी ठोकावी. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रशिक्षकांना जाहीर माफी मागावी लागली. नवऱ्याने ती माफी मोठ्या आवाजात लावून दोनदा ऐकवली, मी पोहे परतत असताना.

२०१८ ला उलटं. मॅचआधी हिरवे हातात हात गुंफून अख्ख्या मैदानाची रुंदी व्यापत चालले, आमचे सराव करणारे खेळाडू मधे आले तरी थांबले नाहीत. मग आमच्या डेव्हिन बुशने त्यांच्या मैदानातलं शिरस्त्राणाचं चिन्ह बुटांनी खरवडलं. त्यांना १० हजार डॉलर दंड, आम्हाला समज. आम्ही २१-७ जिंकलो. माझं मत विचाराल तर बुशने केलं ते वाईट, पण आधी कोण चाललं होतं?

ट्रॉयहूनच

भाला नव्हता. तंबूची खुंटी होती ती. आणि पोहे करपले होते.