चर्चमधली रंगीत काच फोटोत पांढरी पडते, वेदी पितळेसारखी दिसते. काय बदलावं?

टिळकवाडी_लेन्स
बेळगावच्या कॅम्पातली जुनी चर्चं आणि ओल्ड गोव्यातल्या वेद्या, दोन्हीकडचं आतलं कलाकाम नीट टिपायचं आहे. साधा डीएसएलआर आहे, १८-५५ लेन्स, ट्रायपॉड आणि मोबाईल. काच धुवून निघाल्यासारखी पांढरी येते. काच जमली तर बाकी चर्च काळंकुट्ट. निळ्या खिडकीचा फोटो पिवळट होतो. सोन्याचं काम मळकं दिसतं. फ्लॅश लावला तर काच पार मेली. कुठे चुकतंय?

खानापूर_जांभा
आधी फ्लॅश बंद. काचेचा रंग पलीकडून येणाऱ्या उजेडाने दिसतो. समोरून उजेड मारला की काच काळी पडते आणि तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या चमकतात.

एक्स्पोजर फक्त काचेवरून ठरवा. काच आणि आतली भिंत यांत पाच-सहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फरक सहज असतो, कॅमेरा त्याची सरासरी काढतो आणि काच पांढरी पडते. मॅन्युअलवर आयएसओ १००, एफ ८, शटर १/३० पासून सुरू करा (बाहेर ढगाळ असेल तर) आणि काचेतला सगळ्यात फिका तुकडा पांढरा फुटत नाही तोवर शटरचा वेळ वाढवत न्या. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि तेवढ्यात लाल रंग एकटाच कडेला आपटलेला असतो. मग लाल झग्यावरच्या चुण्या जाऊन नुसता लाल ठिपका उरतो. मोबाईलवर काचेवर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेड एक ते दीड स्टॉप खाली ओढा.

पिवळटपणाचं कारण ऑटो व्हाइट बॅलन्स. एवढा निळा बघून कॅमेरा त्यात पिवळा कालवतो. ५५०० केल्विनवर पक्का करा. आतल्या ट्यूब आणि बल्ब बंद करायला मिळाले तर उत्तम. एलईडी चालूच ठेवावे लागले तर शटर १/५० किंवा १/१००, नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे.

दिवस निवडताना आपलं बेळगावी आभाळच कामाला येतं. जुलै-ऑगस्टचं भरून आलेलं पांढरं आभाळ म्हणजे खिडकीमागे लावलेला एकसारखा पडदा. कडक उन्हात फांद्या आणि बाहेरच्या संरक्षक जाळीच्या चौकटी काचेवर उमटतात. जाळी काचेपासून चार बोटांवर असते, म्हणून एफ ४ करूनही ती विरघळत नाही, ढगच लागतात.

फोकस शिशाच्या पट्टीवर धरा, सपाट काचेवर तो भरकटतो. खिडकी उंच असेल तर मान वर करून जवळून घेऊ नका. मागे जा, ५५ वर या, कॅमेरा शक्य तितका सरळ ठेवा.

आणि एक फोटो नुसत्या चेहऱ्याचा घ्या. काचेचा रंग काचेतच असतो, पण डोळे, बोटं, चुण्या या रेघा धातूच्या ऑक्साइडच्या रंगाने काढून भट्टीत पक्क्या केलेल्या असतात. पिवळा बहुधा चांदीच्या क्षाराचा. पापणीची एक रेघ फ्रेमभर आली की कारागिराचा हात कळतो.

निपाणी_वर्ख
सोन्याबद्दल. तो मुलामा नव्हे, वर्ख. लाकडावर खडू-सरसाचा लेप, त्यावर तांबूस चिकणमाती, त्यावर वर्ख, मग अकीकाच्या दगडाने घोटून चकाकी. घोटलेलं सोनं आरशासारखं वागतं: समोर अंधार असेल तर अंधारच दाखवतं, म्हणून मळकं दिसतं. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) इथे कामाचा नाही, धातूवरची चमक त्याने जात नाही. (काचेच्या पेटीतल्या मूर्तीला किंवा वार्निश केलेल्या चित्राला मात्र जरूर लावा.) दरवाजे उघडे असताना, सकाळचा उजेड समोरून फिरून येतो तेव्हा घ्या. ओल्ड गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चची (१६०५) मोठी वेदी समोरून सपाट पत्र्यासारखी येते. थोडं बाजूला सरकलात की कोरीव पानांना सावली मिळते. जिथे वर्ख झिजून तांबडी माती डोकावते तो भाग नक्की टिपा. मला पूर्ण वेदीपेक्षा तोच जास्त सुंदर वाटतो.

टिळकवाडी_लेन्स
खानापूरकर सर, काच आणि आतली कमान दोन्ही हवी असेल तर एचडीआर (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून एक फोटो) चालेल का?

खानापूर_जांभा
ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम, नंतर हाताने जोडा. मोबाईलचा एचडीआर भिंत इतकी उजळवतो की खिडकी कॅलेंडरसारखी दिसते. भिंत थोडी काळोखी राहू द्या.

मलप्रभा_काठ
सगळे खिडकीकडेच बघताहेत. पाठ फिरवा, तिचा कवडसा बघा.

त्यासाठी ऊन हवं, आणि महिना बघून जा. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य बेळगावच्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडक्यांतून त्या वेळी ऊन आत येतच नाही. डिसेंबरच्या शेवटी दुपारी तो सुमारे ५० अंशांवर असतो. खिडकीचा खालचा काठ अडीच मीटरवर असेल तर कवडसा भिंतीपासून दोन मीटरवर सुरू होतो, म्हणजे बहुधा बाकांवर. पूर्वेच्या खिडकीचा हवा असेल तर सकाळी साडेआठ. तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून कवडसा मधल्या वाटेवर न पडता उत्तरेकडच्या बाकांकडे तिरका जातो.

कवडशात शिशाच्या रेघा शोधू नका. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. चार मीटरवर कडा साडेतीन सेंटीमीटर पसरते आणि सेंटीमीटरभराची रेघ त्यात बुडते. उरतो नुसता रंग. शहाबादी फरशी तो गिळते. चुन्याची भिंत, वेदीवरचं पांढरं कापड, उघडं पडलेलं प्रार्थनेचं पुस्तक यांवर तो खुलतो. एक्स्पोजर कवडशावर, एक स्टॉप कमी. पाच-सात मिनिटांत तो बाकाच्या कडेवरून घसरतो, तेव्हा ट्रायपॉड आधी लावून ठेवा.

निपाणी_वर्ख
फादरना आधी विचारा, मिस्सा चालू असताना कॅमेरा काढू नका. कॅम्पात सेंट मेरीजला (१८६९) जाताना लक्षात असू द्या, आजूबाजूला लष्कराची जागा आहे. बाहेरचे फोटो घेताना कॅमेरा चर्चकडेच राहू द्या, ड्रोन तर घरीच.